सिरिंजमधलं पाणी

ला एस्पेरान्सा, ४ मार्च

ती. एर्लिंडाताईस,
शि. सा. न. वि. वि.

आई बरी आहे, बटाटे काढून झाले, आणि मी मोठ्या घोटाळ्यात सापडले आहे. ओरडू नकोस, आधी वाच.

जानेवारीत आमच्या वॉर्डात दिल्सियाची सातव्या महिन्यात जन्मलेली पोर निळी पडत चालली होती. पाद्री डोंगरापलीकडे. दिल्सियाने माझा हात धरला. मी सिरिंजमध्ये पाणी घेतलं आणि पोरीला बाप्तिस्मा दिला. जी पाणी घालते तीच धर्ममाता, हे तुला काय सांगायचं! पोर जगली. नाव माझंच ठेवलं. तेव्हापासून दिल्सिया मला कोमाद्रे म्हणते, पोरीची धर्ममाता म्हणून सख्ख्या बहिणीसारखं नातं मानते, दोन कोंबड्याही देऊन गेली.

गेल्या सोमवारी पोरीला ताप म्हणून ती आली. बाहेर अकरा जणी रांगेत. मी तिला मागच्या दाराने आत घेतलं आणि डॉक्टरांना न विचारता पोरीला औषध पाजलं. कोमाद्रेला थांब कसं म्हणणार? तेवढ्यात रांगेतल्या एका बाळाला आकडी आली. ते आता बरं आहे, पण त्याच्या आईने तक्रार केली आहे. १९ तारखेला शिस्तभंगाची समिती बसणार. नोंदणी रद्द झाली तर बावीस वर्षांची नर्स घरी बसेल. लगेच लिही.

तुझी लाडकी आणि मूर्ख,
नोल्विया

तेगुसिगाल्पा, ९ मार्च

चि. नोल्वियास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता कॉफी गार झाली. लहानपणी तू मरायला टेकलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला बाप्तिस्मा दिला होतास, आणि आईला ते पाच वर्षं पोसावं लागलं. तेव्हाच तुला ओळखायला हवं होतं.

मी स्वतः अशा समित्यांवर बसते, म्हणून नीट ऐक. औषधाची चूक सरळ कबूल कर, ताकीद देऊन सोडतील. पण नातं कबूल केलंस तर तो उघड पक्षपात ठरेल, मग नोंदणी वाचत नाही. पोरीचं कपाळ नुसतं पुसलं, बाप्तिस्मा दिलाच नाही, असं सांग. कोंबड्या परत कर. पोटात गेल्या असतील तर तोंड उघडू नकोस. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, पण तुझी काळजी त्याहून मोठी आहे.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझी ताई

ला एस्पेरान्सा, २० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नोकरी राहिली. लेखी ताकीद मिळाली.

दिल्सियाला साक्षीला बोलावलं होतं. पोर पाठीशी बांधून चार तास चालत आली. ही नर्स तुमची कोण, असं तिला विचारलं. मी तिला काहीच शिकवलं नव्हतं, शपथेवर सांगते. तिने जमिनीकडे बघत सांगितलं की कोणी नाही, पाणी मीच घातलं, सिस्टर नुसत्या शेजारी उभ्या होत्या. मग मला विचारलं, हे खरं का. ताई, मी मान डोलावली.

त्या दुसऱ्या बाळाच्या आईची माफी मागितली. तिने तोंड फिरवलं, आणि बरोबरच केलं.

नंतर दिल्सियामागे फाटकापर्यंत धावले. पोरीला घ्यायला हात पुढे केले, तर तिने झोळी आवळली आणि हळूच म्हणाली, की लोक बघताहेत, सिस्टर. सिस्टर म्हणाली गं मला! मी पोरीच्या लशीची तारीख विचारली. ती म्हणाली, मंगळवारी येईन, रांगेत उभी राहीन.

तुझी माया आहेच, या मंगळवारी जरा जास्त लागेल.

तुझी,
नोल्विया