तुझ्या फाइलीतली माझी कंबर

ती. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात घातलेला, प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील). तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण ती मला आता तुझ्या नवऱ्यापेक्षा जास्त तपशीलवार माहीत आहे. कशी, ते पुढे येईलच. भावोजींना नमस्कार सांग, पण पत्र दाखवू नकोस. फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन तेच उचलतात आणि स्पीकरवर टाकून घरभर ऐकवतात. माझी प्रकृती उत्तम आहे. काही म्हणजे काही होत नाही.

आता मुद्द्यावर येते. भावोजी मोठे सर्जन आहेत हे मला मान्य आहे. गावातली निम्मी हाडं त्यांच्या हाताखालून गेली आहेत. पण एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात माझ्या कमरेची फिल्म धरून, कप खाली न ठेवता, त्यांनी माझ्या ऑपरेशनची अठरा तारीख ठरवली, ही काय रीत झाली? बिस्किट घेतानासुद्धा माणूस याहून जास्त विचार करतो. मला भीती वाटते असं मी कुणाला सांगितलेलं नाही आणि आताही सांगत नाहीये. एवढंच लिहिते की कॅलेंडरवरच्या त्या चौकोनावर मी इस्त्रीवाल्याची चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे आणि ती चिठ्ठी पाहिली तरी मला घाम फुटतो.

दुखणं तर तुला ठाऊकच आहे. ज्या जागेचा कॉन्व्हेंटमध्ये उल्लेखही करू देत नसत तिथून कळ निघते आणि उजव्या पायाच्या घोट्यापर्यंत विजेसारखी जाते. बसलं की जास्त. मदरनी आपल्याला डोक्यावर जाडजूड शब्दकोश ठेवून चालायला शिकवलं, पुढे नोंदणी कार्यालयात एकतीस वर्षं मी पाठ खुर्चीला न टेकवता फायली सांभाळल्या, त्याचं हे बक्षीस! (गादीवर लोळत कादंबऱ्या वाचणारी आपली चुलतबहीण या वयात टेनिस खेळते. देव बघत नाही असं नाही; बघतो आणि हसतो.)

तेव्हा मी बिनऑपरेशनवाल्याकडे, म्हणजे हातानं मणके दाबून जागेवर बसवणाऱ्या कायरोप्रॅक्टरकडे, जायचं ठरवलं. हो, मीच. चारचौघांत ज्यांना मी "हाडांचे फटाके वाजवणारे" म्हणाले होते, त्यांच्याकडेच. पण गावातले सगळे डॉक्टर भावोजींचे चेले, त्यामुळे स्वतःचं नाव देणं म्हणजे संध्याकाळपर्यंत त्यांच्या कानावर जाणं. खोटं नाव सुचेना (एकतीस वर्षं खऱ्या नोंदी केल्याचा परिणाम), म्हणून तोंडात आलं ते सांगून टाकलं. तुझं.

काउंटरवरच्या मुलीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अय्या, केस कापलेत का? छान दिसतात हं!" आणि कपाटातून फाइल काढली. ताई, जाड फाइल! बारा खेपा! दर मंगळवारी, अकरा वाजता! आणि मला सांगत होतीस की मंगळवारी पुस्तकमंडळ असतं. तीन महिन्यांत एकाही पुस्तकाचं नाव तुझ्या तोंडून निघालं नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मुलीनं जन्मतारीख वाचून दाखवली, "हीच ना?" मी "हो" म्हणाले आणि एका अक्षरात चार वर्षांनी म्हातारी झाले.

तेव्हाच पळायला हवं होतं. पण पळता येत असतं तर मी तिथे गेलेच कशाला असते? तुझ्या नेहमीच्या बाई रजेवर होत्या. त्यांच्या जागी एक तरुण होता, त्याचं नाव मी मनातल्या मनात कडकडे ठेवलं. त्यानं मला त्या टेबलावर पालथं घातलं. तोंडासाठी भोक असलेलं ते टेबल तुला माहीतच आहे. एवढी शिकलेली बाई, आणि संभाषण कुणाशी, तर बुटांशी. बूट म्हणाले, डावा पाय कसा आहे? (ताई, डावा! दुखणंसुद्धा आपण वाटून घेतलंय.) मी म्हटलं, उत्तम. खोटं बोलले नाही. मग टेबलाचा तुकडा माझ्या खालून खट्‌कन खाली गेला, तीनदा, तेही सगळं डावीकडे. मग उताणं करून त्यानं डावा पाय उचलला, तो सरळ आढ्याला भिडला. कडकडेचा आनंद गगनात मावेना. मागच्या खेपेला निम्मासुद्धा जात नव्हता म्हणे! वर हेही म्हणाला, "आजी, तुमची कंबर वयापेक्षा चार वर्षांनी तरुण आहे." त्याचं शास्त्र भोंदू नाही याची माझी खात्री पटली ती त्या क्षणी.

आणि मग, निव्वळ तुलनेसाठी, त्यानं उजवा उचलला.

मी काय ओरडले ते कॉन्व्हेंटच्या शिकवणीत बसणारं नव्हतं. कंबर अशी धरली की ना उठता येई ना वळता येई. बाहेरचे पेशंट आत डोकावले. कडकडे पांढराफटक. काउंटरवरची मुलगी फाइल घेऊन धावत आली, तिच्यातला "संकटात कळवायचं माणूस" हा रकाना काढला आणि फोन लावला.

माझ्या पर्समधला फोन वाजला.

सगळे त्या पर्सकडे बघत होते. तो वाजतच राहिला. ताई, मला वाटत होतं तिथे भावोजींचा नंबर असेल, तुझ्या मुलाचा असेल. मुलीनं रकाना मोठ्यानं वाचला, "धाकटी बहीण," आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. माणसं खोटं बोलतात, फाइल बोलत नाही, हे मी एकतीस वर्षं शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ऐकवलं. आता ते मला एक पोरगी, न बोलता, ऐकवत होती.

मी सगळं कबूल केलं, आडव्यानंच. कडकडे रागावला नाही. गरम शेक देऊन मला उठवलं, माझ्या खऱ्या नावाची कोरी फाइल केली, अर्धा तास प्रश्न विचारले, पायाला टाचणी टोचून पाहिली, अंगठ्यात जोर आहे का ते पाहिलं. मी वाट बघत होते की आता हा भावोजींना नावं ठेवील, मग मला ऑपरेशन रद्द करायला बरं. पण मेला म्हणतो, सर्जनसाहेबांचं चूक नाही; मात्र पायात ताकद आहे, तेव्हा सहा आठवडे व्यायाम आणि ही ट्रीटमेंट करून बघायला थांबता येईल का, हे त्यांनाच विचारा; गुण येईलच असा शब्द देत नाही; आणि पाय बधिर पडला किंवा लुळा वाटला तर माझ्याकडे नाही, तडक त्यांच्याकडे जा. इतका समजूतदार भोंदू मी जन्मात पाहिला नाही.

रिक्षात (अर्धी उभी, अर्धी लोंबकळत) मला तुमच्याकडचं ते जेवण आठवलं. फटाक्यांची कोटी मी तिथेच केली होती. भावोजी ठसका लागेस्तोवर हसले. तूही हसलीस. हसताना तुझा एक हात कमरेवर होता. तेव्हा तुझ्या दोन खेपा झाल्या होत्या. तारखा फाइलीत आहेत. नवऱ्यापासून लपवलंस ते मी समजू शकते. पण माझ्यापासून लपवावं लागलं, ते माझ्या जिभेमुळे. मी माफी मागत नाहीये, मला सवय नाही. फक्त नोंद करतेय.

बाकी ठीक. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. वर "काही होत नाही" असं लिहिलंय ते खोडून वाच. हे पत्र मी इस्त्रीच्या टेबलावर उभ्यानं लिहिलंय, दोन दिवस लागले.

ता. क. २. सहा आठवडे थांबता येईल का, हे भावोजींना विचारायला हवं. मी विचारलं तर कुठून ऐकलंस म्हणतील. तू विचारलंस तर तुला काय ठाऊक म्हणतील. तेव्हा रविवारी दोघी मिळून सांगू. ओरडतील, ओरडू देत. लहानपणी फळ्यावर चित्र तू काढलंस आणि बाकावर मी उभी राहिले. या वेळी दोघी उभ्या राहू. बसवत तर कुणालाच नाही.

ता. क. ३. मंगळवारी मलाही अकराचीच वेळ मिळाली आहे, शेजारचं टेबल. माझ्या फाइलीतल्या त्या रकान्यात कुणाचा नंबर आहे हे तुला सांगायला नको. फोन पर्समध्ये ठेवू नकोस, हातात ठेव.