पुढच्या डाव्या चाकाची करकर

उस्ताद,

गेल्या आठवड्यात मी तुमच्या मुलावर संशय घेतला आणि तो गिऱ्हाइकासमोर बोलून दाखवला. तुमच्यामागे त्याचं गारखेड्यातलं गॅरेज चाललं नाही, म्हणून तीन वर्षांपासून तो माझ्याकडे चिकलठाण्यात काम करतो. चाळिशी ओलांडलेला माणूस, हात तुमच्यासारखा सफाईदार, पण कमी बोलतो. आणि कमी बोलणाऱ्या माणसाला पाहिलं की माझ्या मनात पाल चुकचुकते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आयटीआय करून मी तुमच्या दारात उभी राहिले तेव्हा तुम्ही लगेच हो म्हणालात, तर त्यातही मला काहीतरी काळंबेरं दिसलं होतं. मुलीला गॅरेजात कोण सहजासहजी घेतं?

गाडी फुलंब्रीच्या एका बागायतदाराची. डबल केबिनची पिकअप, इंजिनची ताकद वाढवून घेतलेली, टायर माझ्या कमरेपर्यंत येतील एवढे. त्याला चारही शॉकअप ॲडजस्टेबल हवे होते, नॉब फिरवला की कडक किंवा मऊ होणारे. ते मी आणि तुमच्या मुलानं मिळून बसवले. चार दिवसांत गाडी परत आली. स्पीडब्रेकरवर चढली की पुढून, डावीकडून करकर. मला आधी शॉकअपच डुप्लिकेट वाटले, खोक्यावरचं स्टिकर मी उन्हात नेऊन नखानं खरवडून पाहिलं. मग मालकाचा संशय आला. मित्रांना दाखवायला नॉब फिरवत बसला असणार, आणि आता आमच्या नावानं ओरडतोय. पण दोन्ही बाजूंच्या नॉबचे खटके मोजले तर सारखे निघाले. वरचे नट घट्ट होते. स्टॅबिलायझरची लिंक सोडून गाडी जालना रोडला फिरवून आणली, करकर तशीच. शेवटी तुम्ही शिकवलं होतं तसं केलं. मालकाला पुढून गाडी दाबायला सांगितली आणि मी खाली निजून एकेका सांध्यावर तळवा ठेवत गेले. डाव्या शॉकअपच्या खालच्या बोल्टापाशी करकर हाताला लागली. बोल्टाभोवतीचं रबरी बुश पिळलेलं होतं.

म्हणजे बोल्ट गाडी वर टांगलेली असताना आवळला होता. चाक जमिनीला टेकल्यावर रबर पिळलं गेलं आणि ओरडायला लागलं. नव्या माणसाचं काम. तुमच्या मुलाच्या हातून ते चुकून होईल हे मला पटेना, मग उरलं मुद्दाम. त्याच आठवड्यात मी त्याला मागच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याबरोबर चहा पिताना दोनदा पाहिलं होतं. मी लगेच सांगड घातली. हा तिकडे चाललाय आणि जाता जाता माझं नाव खराब करतोय. मालक शेजारीच उभा होता. मी म्हणाले, "उस्तादांच्या मुलाला एवढं कळत नसेल असं मी मानत नाही. मुद्दाम केलंस."

त्यानं एकदाच विचारलं, "मुद्दाम, ताई?" मी मान वळवली. त्यानं पाना खाली ठेवला, हात पुसले आणि गेला. मालक म्हणाला, "ताई, लई विश्वास ठेवता तुम्ही लोकांवर." मला ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोल्ट सोडायला मी एकटीच गाडीखाली गेले. नटावरचा चिखल पुसला तर खाली मरून रंगाची रेघ. तुम्हाला आठवतं का, मी पहिल्यांदा एकटीनं गाडीचा पुढचा भाग खोलून जोडला तेव्हा तुम्ही शहागंजातून नेलपॉलिशची बाटली आणली होतीत? माझं डोकं फिरलं होतं. दोन दिवस मी बाटलीला हात लावला नाही आणि तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही वैतागून म्हणालात, "नाखूनकू नै बेटा, नटकू. कसने के बाद निशान मार. कल कुछ हुआ तो मालूम पडना, हाथ किसका था." तेव्हापासून माझी रेघ मरून. तुमचा मुलगा पांढरा रंग वापरतो.

मग हळूहळू सगळं आठवलं. शॉकअप बसवले त्या दिवशी मालकाला साखरपुड्याला जायची घाई होती. गाडी वरच होती, मी पाना लावला. मागच्या चाकापाशी तुमचा मुलगा होता. तो म्हणाला, "ताई, गाडी नीचे लेके कसो ना." आणि मी म्हणाले, मला शिकवतोस? मला वाटलं, मालकासमोर शहाणपणा दाखवतोय. माझी मलाच लाज वाटली, उस्ताद. अशीच चूक मी पहिल्या वर्षी केली होती, तेव्हा तुम्ही आवाज न चढवता तोच बोल्ट मला तीनदा सोडून आवळायला लावला होता.

गाडी खाली घेतली, बोल्ट आवळला, करकर गेली. मालकानं काय होतं विचारलं तर मी म्हणाले, झालं आता नीट. तो समजायचं ते समजला आणि मी समजू दिलं. काल तुमचा मुलगा त्याची पेटी न्यायला आला. "आवाज गया?" मी म्हणाले, गेला. "किधर था?" मी म्हणाले, बुशमध्ये. तो पेटी हातात धरून थांबला, पुढचं ऐकायला. मी फोनमध्ये डोकं घातलं. तो गेल्यावर मी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन पाहिलं, मागच्या गल्लीत वळतो का. तो सरळ बसस्टॉपकडे गेला.

तुम्हाला हे एवढं लिहायला मला जड गेलं नाही, कारण तुम्ही काही विचारणार नाही. त्याचा नंबर समोर आहे. चूक माझी होती, एवढंच त्याला लिहायचं आहे. सकाळपासून तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं.