मागची टाकी आधी

नॉर्समन,
१५ जानेवारी १९९६

ती. ओमा हिस,
नातू डेमनचा सा. न. वि. वि.

आमच्या आयुष्याचे दोन तुकडे कुठे झाले ते मी नकाशावर बोट ठेवून दाखवू शकतो. कैगुनाच्या पेट्रोल पंपाच्या पश्चिमेला एकोणीस किलोमीटर, मंगळवार ९ तारीख, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. त्याआधी आम्ही दोघं होतो. अजूनही दोघंच आहोत, पण आता मोजून बघावं लागतं.

आमच्या गाडीमागे जोडलेली तुझी कॅरव्हॅन उलटली. हे आधीच लिहून टाकतो. मेरिनचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. मला ओरखडासुद्धा नाही. तिची गाडी मागून चेपली आहे, पण चालते. कॅरव्हॅनचं छप्पर रस्त्याच्या एका बाजूला, कपाटं दुसऱ्या बाजूला, आणि मधोमध तुझी निळी किटली सरळ उभी, कुणी चहाचं आधण ठेवून गेल्यासारखी. तेवढी वाचली.

तू सांगितल्याप्रमाणे आम्ही दोन-दोन तासांनी जागा बदलत होतो. कैगुनाला चालवायची पाळी तिची होती. सकाळपासून आमची धुसफूस चालली होती, कालगुर्लीला तिला मिळालेल्या त्याच नोकरीवरून. दूरच्या मेंढ्यांच्या कुरणांवर राहणारी, रेडिओवरून शाळा शिकणारी मुलं; त्यांच्या घरोघर गाडी घेऊन जायचं, महिन्याचे वीस दिवस रस्त्यावर. मी विचारलं की मग मी काय करू, खोलीवर बसून तुझे मोजे वाळत घालू? ती म्हणाली की घाल की, त्याला इंजिनिअरिंग पूर्ण करावं लागत नाही. मी कॉलेज तिच्यासाठी सोडलं हे आपल्या अख्ख्या टॅनंडा गावाला माहीत आहे. ती म्हणते की मी कुठे मागितलं होतं?

तर ती चालवत होती. समोरून तीन डब्यांचा तो अजस्र ट्रक आला, त्याच्या वाऱ्यानं कॅरव्हॅन शेपटी हलवायला लागली. शेपटी हलत असताना ब्रेक दाबायचा नसतो; मेरिनने दाबला. पुढचं तुला कळेल.

नॉर्समनहून हवालदार आला. गाडी कोण चालवत होतं, त्याने विचारलं. मी सांगितलं की ती, आणि तिने ब्रेक दाबला. त्याने लिहून घेतलं. मेरिन बाजूला खडीवर बसली होती, तिने मान डोलावली.

इथल्या कॅरव्हॅन पार्कात एक खोली घेतली आहे. मी स्वयंपाक करतो, तिचे केस विंचरतो. ती म्हणते की आता जन्मात स्टिअरिंगला हात लावणार नाही. कालगुर्लीला नकार कळवणार आहे. म्हणजे ती इथेच राहील, माझ्यापाशी. मला आनंद व्हायला हवा, नाहीतर वाईट तरी वाटायला हवं. काहीच होत नाही. भूक मात्र वेळेवर लागते.

कॅरव्हॅनबद्दल रागाव, पण पत्रातून रागाव. होती तेवढी माया ठेव.

तुझा,
डेमन


टॅनंडा,
२३ जानेवारी १९९६

चि. डेमन यास,
ओमाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तुझं अक्षर पाहून वाटलं की हात तुझाच मोडलाय. दोघं जिवंत आहात, बाकी सगळा पत्रा. त्या कॅरव्हॅनला तुझ्या बापाच्या टकलाइतकीच वर्षं झाली होती. तिचं सुतक मी एक दिवस पाळलं, दुसऱ्या दिवशी जर्दाळूचा मुरंबा केला. तुम्हाला जर्दाळू पाठवले असते, पण तुमच्या राज्याच्या सीमेवर फळं जप्त करणारे ते तपासनीस तोंडातला घासदेखील काढून घेतील.

मेरिनला सांग, मनगटाला घाई करू नकोस.

आता दोन गोष्टी विचारते. रागाने नाही, पण उत्तर हवंय.

तुझे आजोबा आणि मी त्या रस्त्याने सात वेळा गेलो. असे ट्रक शंभर आले असतील. आपली कॅरव्हॅन दचकायची, पण शेपटी कधी हलवली नाही. शेपटी हलते ती मागे वजन झालं की. पाण्याच्या टाक्या दोन, एक पुढे, एक अगदी मागे. मागची टाकी आधी रिकामी करायची, हे मी तुला अंगणात तीनदा सांगितलं, आणि तू तिन्ही वेळा म्हणालास की ओमा, दोन वर्षं मी यंत्रंच शिकलोय. कैगुनाला कुठली टाकी भरलेली होती?

दुसरं. जो स्टिअरिंग सोडतो त्याने खाली उतरून कॅरव्हॅनभोवती फेरी मारायची. कडी, साखळ्या, चाकं, वजन. जो बसतो तो दुसऱ्याच्या शब्दावर निघतो. ही आपल्या घरची रीत, आणि कॅरव्हॅन ओढणाऱ्या दर शहाण्या जोडप्याची. कैगुनाला स्टिअरिंग तू सोडलंस. फेरी मारलीस का?

लवकर लिही. माया आहे, म्हणूनच विचारते.

तुझी,
ओमा


नॉर्समन,
३० जानेवारी १९९६

ती. ओमा यांना,
मेरिनचा शि. सा. न.

डाव्या हाताने लिहिते आहे, म्हणून वाकडं आणि थोडं.

तुमची कॅरव्हॅन मी मोडली. क्षमा मागायची होती, पण शब्द काढायला इतका वेळ लागला की ते सुकूनच गेले. तरी मागते.

डेमन खूप करतो. इतकं की नको म्हणायची लाज वाटते. परवा शेजारच्या बाई म्हणाल्या की असा मुलगा मिळायला नशीब लागतं. मी हो म्हटलं.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मला सारखं वाटतं की मी आधी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला होता. गती कमी होत होती, शेपटी थांबत आली होती. मग कुणीतरी ओरडलं आणि मी ब्रेक दाबला. डेमन म्हणतो की धक्का बसला की माणसाला असं काहीबाही आठवतं. ओरडले बहुधा मीच.

कालगुर्लीला २० फेब्रुवारीपर्यंत कळवायचं आहे. नकाराच्या चार ओळी लिहायला दोन दिवस लागले. पाकीट टेबलावर आहे. जिला स्वतःच्या पायाचा भरवसा नाही तिने लोकांच्या लेकरांकडे गाडी घेऊन कशाला जावं?

तुम्ही रागावला नाहीत असं डेमन म्हणाला. तसंच असू द्या.

तुमची,
मेरिन


टॅनंडा,
६ फेब्रुवारी १९९६

चि. डेमन यास,
आशीर्वाद.

तू उत्तर पाठवलं नाहीस. मेरिनचं आलं. आता तुझ्या उत्तराची मला तशी गरज उरली नाही.

तुला एक सांगते, जे तुझ्या बापालाही ठाऊक नाही. सत्तावन्न साली आम्ही समुद्रकाठच्या एका तळावर उतरलो होतो. मी कॅरव्हॅन मागे घेत होते, तुझे आजोबा मागे उभे राहून हातांनी खुणा करत होते. त्यांनी डावीकडे म्हणून हात केला, मी डावीकडे घेतली, आणि नळाचा खांब आडवा. पाण्याचं कारंजं. सगळा तळ हसायला गोळा झाला. आजोबा म्हणाले की बाईमाणसाला डावंउजवं कळत नाही. त्या दिवसापासून एकतीस वर्षं मी नकाशा धरून बसले. दर नाताळला तो खांब जेवणाच्या टेबलावर यायचा. तूही हसला आहेस, माझ्या मांडीवर बसून.

मरायच्या दोन दिवस आधी त्यांनी सांगितलं की एल्फ्रीडा, त्या दिवशी हात चुकीचा मीच केला होता, तेव्हाच कळलं होतं. बोलून मोकळे झाले. मी काय केलं असेल? काही नाही. उठले आणि त्यांची औषधाची बाटली धुऊन ठेवली. राग यायलासुद्धा आत काहीतरी शिल्लक असावं लागतं. एकतीस वर्षं शिळं झालेलं खरं मी कुठे नेऊन ठेवणार होते? तोवर मला स्वतःलाच डावंउजवं कळेनासं झालं होतं.

मी मेरिनला काही लिहिणार नाही. ते काम माझं नाही. तिला सांगितलंस तर ती जाईल, हे तुला माहीत आहे, म्हणून तू गप्प आहेस. गप्प राहिलास तर ती राहील. ती राहील म्हणजे काय, ते माझ्याकडे बघून ठरव.

वीस तारीख फार लांब नाही.

तुझी माया तुटलेली नाही, पण ताणू नकोस.

ओमा


नॉर्समन,
१४ फेब्रुवारी १९९६

ती. ओमा हिस,
डेमनचा सा. न.

पुढची टाकी रिकामी होती. मागची काठोकाठ. मागच्या टाकीची चावी बाहेरून, कॅरव्हॅनखाली वाकून फिरवावी लागते. मी आठ दिवस कंटाळा केला. वर पाण्याचे चार कॅन मागच्या बंपरला बांधले, तेही मीच.

फेरी मारली नाही. फुगून बसलो होतो, उतरून सरळ बाजूच्या सीटवर गेलो. तिने विचारलं की फेरी मारलीस ना. मी म्हटलं की मारली, चल आता.

तिने पाय उचलला होता. शेपटी थांबत आली होती. ब्रेक म्हणून मी ओरडलो आणि स्टिअरिंगला हात घातला. हे सगळं मला त्याच क्षणी माहीत होतं. हवालदाराला मी एक शब्द खोटा सांगितला नाही, बघ. गाडी तीच चालवत होती. ब्रेक तिनेच दाबला.

तुझं पत्र काल आलं. आज सकाळी, ती पाकिटाला तिकीट लावत असताना, मी सांगितलं. तिने मला तीन वेळा सांगायला लावलं, दर वेळी पहिल्यापासून. मधे एकदाच विचारलं की कुठली टाकी. मग विचारलं की हे वीस तारखेच्या आधी सांगणार होतास की नंतर? तेव्हा तुझं पत्र माझ्या खिशात होतं, ते मी काढून दिलं. ते वाचून ती म्हणाली की म्हणजे हेही तुझं तुला सुचलं नाही.

मी म्हटलं की माझं तुझ्यावर प्रेम आहे, म्हणून केलं. आवाज चढला माझा. ती म्हणाली की हाच आवाज होता तो. मी आजवर समजत होते की माझा होता.

ती रडली नाही. मला वाटलं होतं भांडी फुटतील. ती उठली, बाहेर गेली आणि गाडीत बसली. प्लास्टर अजून आहे, डाव्या हाताने स्टिअरिंग धरून तिने पार्काभोवती दोन चकरा घेतल्या, माणूस चालतो तितक्या वेगाने. समोर एक म्हातारं जोडपं कॅरव्हॅन मागे घेताना भांडत होतं. बाई ओरडत होत्या की डोळे आहेत की बटणं, आणि आजोबा ओरडत होते की मग ये आणि तूच बस. मेरिनची गाडी आली तशी दोघं भांडण थांबवून बाजूला झाले. तिने डावा हात क्षणभर उचलून त्यांचे आभार मानले. मी पायरीवरून बघत होतो. मला वाटलं होतं की हे बघताना आत काहीतरी मोडेल. नाही मोडलं. पाय दुखतोय एवढं कळत होतं, कारण मी वाकडा उभा होतो.

मग आम्ही पोलिस चौकीत गेलो. गाडी तिने चालवली. मी बाजूला बसलो, हात मांडीवर ठेवून. त्याच हवालदाराने नवा जबाब टाईप केला. तो म्हणाला की आपल्या पायांनी येऊन दोष मागून घेणारा मी पहिल्यांदा बघतोय, बाबा. मेरिनने त्याला सांगितलं की त्याला पाठवावं लागलं.

परत आल्यावर तिने नकाराचं पत्र फाडलं आणि होकाराचं लिहायला घेतलं. त्याआधी मला सांगितलं की दुपारची बस पकड. मी विचारलं की पत्र लिहिलं तर वाचशील का. ती म्हणाली की माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणजे हो नाही. मी अजून तिच्यावर तितकंच प्रेम करतो, ओमा. तुला हे लिहिताना शाई तर संपली नाही ना हे बघायला पेन झटकलं, इतकं ते वाक्य फिकट वाटलं.

परवापर्यंत टॅनंडाला पोचेन. बापाला काय सांगायचं ते मी सांगेन, तू मधे पडू नकोस. आणि त्या खांबाची गोष्ट निघाली तर मी हसणार नाही.

जमेल तेवढी माया शिल्लक ठेव. मी मागणार नाही.

तुझा,
डेमन

ता. क. हे बसथांब्यावर लिहितोय. निघताना मी पिशवी उचलली आणि दाराशी बराच वेळ उभा राहिलो. ती टेबलाशी लिहीत होती, डाव्या हाताने, एकेक अक्षर. मला वाटलं आता वर बघेल. वर न बघताच तिने सांगितलं की दार लाव, माश्या येतात. मी बाहेर आलो आणि दार लावलं.