स्पीकरच्या तपासणीला किती शुक्रवार लागतात?

सन्माननीय डॉक्टरसाहेब यांस,

आपल्या व्याह्याचा सविनय नमस्कार. (आपण वयाने माझ्याहून थोडे लहान आहात, पण मुलीच्या सासऱ्याला आशीर्वाद लिहिणं बरं दिसत नाही आणि साष्टांग घालायला गुडघे राजी नाहीत. तेव्हा सविनयवर भागवून घ्यावं.) आपली प्रकृती उत्तम असणारच, दिवसभर लोकांचे कान, नाक आणि घसे तपासणाऱ्या माणसाला स्वतः आजारी पडायला फुरसत कुठली? विहीणबाईंचा खोकला गेला असेल. आमच्याकडेही सगळं क्षेम आहे. हिचा रक्तदाब जागेवर आहे. माझे दात जागेवर नसले तरी डबीत सुरक्षित आहेत. घर मात्र फार शांत झालं आहे. इतकं शांत, की स्वयंपाकघरातला फ्रिज घरघरायचा थांबला की आम्ही दोघं दचकून एकमेकांकडे बघतो, आणि ही म्हणते, "गेलं वाटतं कोणीतरी."

पत्र लिहिण्याचं कारण आपल्या ध्यानात आलंच असेल. आपण आमचा स्पीकर तपासणीसाठी म्हणून पिशवीत घालून घेऊन गेलात, त्याला आता बरेच दिवस लोटले. स्पीकरपाठोपाठ आमची भिंगरीही गेली. (ती आपलीही नात आहे, हे मी विसरलेलो नाही. पण आपल्याकडे ती सातही दिवस असते आणि माझ्या वाट्याला फक्त शुक्रवारची दुपार होती, एवढंच नम्रपणे नमूद करतो.) आता येत्या शुक्रवारी 'ओली काडेपेटी' या स्वीडिश बँडचा नवा अल्बम येतो आहे. मधे काही वर्षं त्यांचं काहीच आलं नव्हतं. भिंगरी आणि मी डोळ्यांत तेल घालून वाट बघत होतो. आणि नेमका तो यायच्या वेळी माझ्याजवळ ना स्पीकर, ना नात. आपण म्हणाल, मोबाइलवर ऐका. ऐकून पाहिलं. बादलीत तोंड घालून कोणी भांडावं तसं ऐकू येतं. शिवाय गाणं संपल्यावर मान वर करून बघावं, तर समोर फक्त कपाट.

आपल्याला वाटत असेल, की म्हाताऱ्याला हे खूळ कुठून लागलं. सांगतो. आपली सून, म्हणजे आमची मुलगी, शुक्रवारी ऑफिसातून उशिरा सुटते, म्हणून भिंगरी शाळेतून थेट आमच्याकडे यायची. येऊन दप्तर फेकायची, पाय खुर्चीवर घ्यायची आणि तो पावशेराच्या मापाएवढा स्पीकर टेबलावर मांडायची. (मापाएवढा म्हणजे अगदी तंतोतंत. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून जन्म गेला. दुसऱ्या कुठल्या उपमा सुचत नाहीत.) सुरुवातीला मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेत असे. पण एके दिवशी दाराच्या फटीतून असं काही ऐकू आलं, की मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. दोन-तीन पोरं, बेसूर नव्हे पण सुराची फारशी पर्वा नसलेली, जिवाच्या आकांताने एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि मागे कोणीतरी डबे बडवत होतं. डॉक्टरसाहेब, मी तडक दुसरीच्या वर्गात जाऊन बसलो.

आमचा दुसरीचा वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. मास्तर छडीने टेबलावर ठेका धरायचे आणि आम्ही सगळी पोरं बेंबीच्या देठापासून कविता म्हणायचो. अर्थ कोणाला ठाऊक होता? 'निर्झर' म्हणजे एखादं जनावर असावं, असं मला चौथीपर्यंत वाटत होतं. पण चाल पक्की होती. शेवटच्या कडव्याला तर पत्रे थरथरायचे आणि शेजारच्या गिरणीतला माणूस जातं थांबवून बाहेर यायचा. (तो तक्रार करायला यायचा असं मास्तर म्हणत. पण कविता संपेपर्यंत उभा राहायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे.) या गाण्यांना म्हणतात इंडी गॅरेज रॉक. आता भिंगरीच्या सांगण्यावरून गॅरेज रॉक म्हणजे काय, तर पैसा ना अडका, साधनं ना शिक्षण, अशा पोरांनी गाडी ठेवायच्या शेडमध्ये जमून घसा फुटेस्तोवर म्हटलेली गाणी. आणि इंडी म्हणजे कुठल्याही बड्या कंपनीच्या पदरी नसलेले. म्हणजे आम्हीच की! फक्त आम्हाला कोणी अल्बम काढायला सांगितलं नाही.

तेव्हापासून आमचा नेम पडला. नवी गाणी शुक्रवारी येतात, हे आपल्याला ठाऊक नसेल. (मलाही नव्हतं. मला वाटायचं, गाणी पेरूंसारखी तयार होतील तशी येतात.) लहानपणी नव्या इयत्तेचं वाचनपुस्तक हाती आलं, की शाळा उघडायच्या आतच मी त्यातल्या सगळ्या कविता वाचून टाकत असे, पान उलटताना जो वास यायचा, तो वास मला शुक्रवारी दुपारी या खोलीत यायला लागला. भिंगरी बँडच्या नावांचा अर्थ मोबाइलला विचारून मला सांगायची. 'ओली काडेपेटी' आमची सगळ्यात लाडकी. 'आजीची सायकल' म्हणून एक आहे, ते फार भरभर वाजवतात. ती आजी उतारावर असणार. 'बंद लिफ्ट' नावाच्या बँडमध्ये दोन सख्ख्या बहिणी आहेत आणि एकीचं दुसरीशी पटत नाही, हे मी भाषा न कळताही ओळखलं. भूगोलाच्या पुस्तकात स्वीडनबद्दल लाकूड, कागद आणि लोखंड एवढंच दिलं होतं. तिथली माणसं इतकी ओरडत असतील, याचा पुस्तकात उल्लेखच नव्हता. मी बोटांनी मात्रा मोजायचो आणि भिंगरी वहीवर पेन्सिलीने ठेका धरायची. 'काडेपेटी'चं एक गाणं चक्क भुजंगप्रयातात बसतं. मी ते आपल्याला म्हणून दाखवलं असतं, पण त्या दिवशी आपण ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता.

आता त्या दिवसाकडे वळतो. (वळणं भाग आहे. ही मागे उभी राहून वाचते आहे.) आपण आणि विहीणबाई अगत्याने आलात. दारातच आपल्याला 'आजीची सायकल' आडवी आली. आपण कानांवर हात ठेवलेत. कानांचे डॉक्टर कानांवर हात ठेवतात, हे पाहून मला हसू आलं. तिथेच पहिली ठिणगी पडली असावी. आपण म्हणालात, एवढ्या आवाजाने पोरीचे कान जातील. मी म्हणालो, आमच्या वर्गातल्या एकाचेही गेले नाहीत. आपण म्हणालात, "तुम्ही मघापासून मला तीनदा 'काय?' म्हणालात." हे मात्र खरं आहे. मग आपण बॅगेतून ते ध्वनी मोजायचं यंत्र काढलंत, स्पीकरसमोर धरलंत आणि आकडा बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "बघा! मर्यादेच्या बाहेर."

इथे माझा तोल गेला असं ही म्हणते. तोल गेला नाही, सवय गेली नाही. उभी हयात मी दुकानादुकानांत हेच करत आलो. तराजू काय दाखवतो, हे बघण्याआधी तराजू खरा आहे का, हे बघायचं. माझा हात आपोआप पुढे गेला, मी ते यंत्र आपल्या हातातून घेतलं, उलटं केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "यावर यंदाचा शिक्का कुठे आहे?" आपण म्हणालात, कसला शिक्का? मी म्हणालो, पडताळणीचा. शिक्का नसेल, तर या आकड्याला काही अर्थ नाही. आणि सवयीने पुढचंही वाक्य निघून गेलं, की असं माप वापरताना कोणी आढळला, तर आम्ही माल आणि माप दोन्ही ताब्यात घेतो. विहीणबाई म्हणाल्या, "अहो, हे काय भाजीवाले आहेत का?" आमची ही म्हणाली, "यांनी स्वतःच्या लग्नात सोनाराचा काटा तपासला होता, तुम्ही मनावर घेऊ नका." भिंगरी तेवढी पोट धरून हसत होती, आणि मला वाटतं, आपल्याला खरं लागलं ते तेच. मग आपण उठलात आणि म्हणालात, ठीक आहे, यंत्र तपासून आणतो, आणि तुमचा हा डबाही तपासतो. तोवर पोरगी शुक्रवारी थेट घरी येईल, माझा दवाखाना त्या दुपारी बंदच असतो. असं म्हणून आपण स्पीकर पिशवीत घातलात. माप आणि माल, दोन्ही ताब्यात! माझंच कलम माझ्यावर लागलं.

तेव्हा झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे. (ही म्हणते, नुसतं दिलगीर नको, मनापासून लिहा. मनापासून दिलगीर आहे.) आपण व्याही, घरी आलेले, भिंगरीच्या काळजीने बोललेले. माझ्या कानांचं काय व्हायचं ते होवो. ते आता वापरून झालेले आहेत. पण तिचे कोवळे आहेत, हे मला मान्य आहे. आपण म्हणाल तेवढाच आवाज ठेवीन. स्पीकरच्या आवाजाच्या गोल बटणावर आपण स्वतः खूण करून द्या, तिच्यापुढे मी बोट नेणार नाही. खूण कोणाच्याही यंत्राने केलेली चालेल.

फक्त एक विनंती. तपासणीत स्पीकर दुरुस्त करू नका. त्याची एक गोष्ट आहे. 'काडेपेटी'च्या त्या भुजंगप्रयाताच्या गाण्यात तिसऱ्या कडव्यानंतर सगळं एकदम थांबतं. क्षणभर काहीच नाही. आणि मग सगळे पुन्हा तुटून पडतात. असा विराम मी आयुष्यात एकदाच ऐकला होता, मास्तर कडवं बदलताना छडी हवेतच धरायचे तेव्हा. मी इतका भारावून गेलो, की भिंगरीकडून त्या बँडला पत्र पाठवलं आणि त्या विरामाचं दोन पानं रसग्रहण केलं. त्यांच्या ढोलवाल्या बाईचं उत्तर आलं. फार गोड बाई असावी. तिने कळवलं, की इतकं प्रेमाचं पत्र आजवर कोणी लिहिलं नव्हतं. मात्र त्या गाण्यात कुठेही विराम नाही, ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वाजतं. भिंगरीने तपास केला, तेव्हा समजलं, की जास्त आवाज झाला की आमचा स्पीकर दम खातो. बरं, मला काही फरक पडत नाही. तो विराम माझा आहे आणि तो तसाच राहावा.

येत्या शुक्रवारचं तेवढं मनावर घ्यावं. मी आता फार काही मागण्याच्या वयाचा नाही. हल्ली लोक मला तब्येत कशी आहे, एवढंच विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. ती एकटी पोर गाणं संपलं की माझ्याकडे वळून विचारायची, "आजोबा, कसं वाटलं?" आणि खरंच थांबायची. नवं काही येणार आहे आणि कोणीतरी मला त्याबद्दल विचारणार आहे, एवढ्यावर माझा आठवडा निघायचा. विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद, आपल्या सुनेला वडिलांची आठवण.

आपला नम्र,
व्याही

ता. क. : यंत्राबद्दल पुन्हा काही बोलणार नव्हतो. पण माझ्या जागी आता जो निरीक्षक आहे, त्याला सहज विचारलं. वर्षाला एकदा पडताळणी करून घेतलेली बरी, असं तोही म्हणाला. केवळ माहितीसाठी कळवलं.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार, तोच भिंगरीचा फोन आला. आजीशी बोलता बोलता पोर सांगून गेली, की स्पीकरची तपासणी दर शुक्रवारी दुपारी दवाखान्यात, पडदे ओढून चालते. परवा आपण 'बंद लिफ्ट'चं तेच गाणं पाचव्यांदा तपासलंत. दवाखाना बंद असताना अडून आलेल्या एका पेशंटला 'आ' करायला सांगून आपण पायाने ठेका धरलात आणि तो बिचारा तोंड उघडं टाकून बसून राहिला. विहीणबाईंना आपण सांगितलंय, की काम अजून बरंच बाकी आहे. शिवाय गाणं संपलं की पोर आपल्याला "कसं वाटलं?" विचारते आणि आपण "पुन्हा लाव" म्हणता, हेही समजलं. तेव्हा डॉक्टरसाहेब, वरचं सगळं पत्र रद्द समजावं. माझी दिलगिरीही मी परत घेतो. स्पीकर राहू द्या तिकडेच. मी शुक्रवारी शाळा सुटायच्या वेळी दवाखान्याच्या दारात हजर होतो. दार उघडायला कोणाला तरी पाठवा, घंटा आतल्या गोंधळात ऐकू जायची नाही. आणि हात जोडून सांगतो, मी येईपर्यंत नव्या अल्बमचं पहिलं गाणं लावू नका. लावलंतच, तर निदान मी आल्यावर आपणही पहिल्यांदाच ऐकताय असा चेहरा करा.