ढोलीच्या झाडासमोरचा फलक

१४ मार्च, गुरुवार

प्रिय धाकटे,

पाच महिने झाले. इतके दिवस का लागले, याचं धड उत्तर माझ्यापाशी नाही. याआधी चार पत्रं लिहायला घेतली. चारही वहीतच राहिली, कारण दुसऱ्या पानावर पोचेपर्यंत मी प्रत्येकात स्वतःची बाजू मांडायला लागलेली असायचे. उशिराबद्दल माफ कर. बाकीच्याबद्दल अजून काही मागत नाही, ते आधी नीट सांगायला हवं.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी तू न कळवता आलीस. आमची राईतली फेरी ढोलीच्या झाडापाशी थांबली होती, चाळीसेक माणसं होती, आणि बोलता बोलता मला सगळ्यांच्या मागे तुझा राखाडी कोट दिसला. मला आनंद झाला, हे खरंच. तू ऐकते आहेस म्हणून मी गोष्ट जरा जास्तच रंगवून सांगितली. संपल्यावर लोक सह्यांच्या टेबलाकडे वळले आणि मी तुला शोधत मागे आले, तर तू निघून गेली होतीस. आमच्या राई वाचवणाऱ्या न्यासाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, तुमचंच नाक लावलेली एक कोणी आली होती, चहाचा कप घेतला आणि तसाच भरलेला ठेवून गेली. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस. ‘कामात आहे’ असे दोन निरोप आले. तू कामात असतेस हे मला माहीत आहे. पण ते कारण नाही, हेही माहीत आहे.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या न्यासाच्या, त्यामागची एक माझी. सकाळी उठून दार उघडलं की मी कामावर, दार लावलं की घरी. दिवसभर माणसांचा राबता असतो, संध्याकाळी सहाला जिना रिकामा झाला की किटलीचा आवाजसुद्धा मोठा वाटतो. हल्ली मी स्वतःशी बोलते, आणि वाईट म्हणजे स्वतःलाच दुरुस्त करते. कॉलेजात तू मला लाल शाई म्हणायचीस. ती शाई अजून वाळलेली नाही.

आमचं काम काय, हे तू एकदा विचारलं होतंस आणि मी भाषण ठोकलं होतं. आज सरळ सांगते. नदीकाठची राई वखारीच्या लाकूडवाल्यांच्या वारसांची आहे. ते ती न्यासाला द्यायला तयार आहेत, पण नगरपालिकेनं हातभार लावला तरच हे जमेल, आणि नगरपालिका म्हणते की गावातल्या दोन हजार माणसांना ती हवी आहे हे सह्यांनी दाखवा. मुदत तीस तारखेची. आजपर्यंत सोळाशे बारा झाल्या. नाही जमलं तर तिथं गोदामं येतील. सुरुवातीला मी लोकांना पाणी, पक्षी, पूर, सावली असं सगळं समजावून सांगायचे. ते ऐकून घ्यायचे, माना डोलवायचे आणि पेन शोधायच्या वेळी कुणाला तरी फोन यायचा. मग एका रविवारी, का कोण जाणे, मी ढोलीच्या झाडापाशी सांगून टाकलं की लहानपणी लपंडाव खेळताना माझी धाकटी बहीण या ढोलीत लपली, अंधार पडेपर्यंत सापडली नाही, आणि शेवटी मी तिला इथून शोधून काढलं. त्या दिवशी झाडून सगळ्यांनी सह्या केल्या. एका बेकरीवाल्यानं तर स्वतःच्या भावाला फोन लावून बोलावून घेतलं, म्हणाला, ये, आपणही असेच दिवे लावले होते.

तेव्हापासून ती गोष्ट माझी उरली नाही, न्यासाची झाली. लोक यायचे ते ‘बहिणीचं झाड कुठलं’ असं विचारत. बाईंनी गेल्या महिन्यात ठरवलं की झाडासमोर फलक लावायचा, त्यावर ही गोष्ट मोजक्या ओळींत लिहायची आणि शेवटच्या दोन रविवारी सह्यांचं टेबल तिथंच मांडायचं. मजकूर मी लिहिला. पेंटरनं कच्चा आराखडा पाठवला, छान अक्षर आहे त्याचं. खाली तारीख घालायला जागा सोडली होती. साल मला आठवेना, म्हणून मी खाटेखालची पेटी ओढून जुन्या वह्या काढल्या.

तारीख सापडली. खाली अर्धं पान माझ्या तेरा वर्षांच्या अक्षरात आहे. ते तुला तोंडपाठ असणार, तरी लिहिते, कारण मी ते विसरले होते आणि विसरले नव्हतेही. माझ्यावर राज्य होतं. आईनं तुला माझ्याबरोबर पाठवलं होतं, नेहमीसारखंच, आणि माझ्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या की हे शेपूट घरी ठेवून येत जा. त्या निघून गेल्या. मी झाडाला डोकं टेकून शंभरपर्यंत मोजलं, वळले, आणि तुला न शोधता घरी गेले. तू ढोलीत आहेस हे मला दिसलं होतं, तुझ्या फ्रॉकचा कोपरा बाहेर होता. घरी जाऊन मी पुस्तक वाचत बसले. आईनं विचारलं तर म्हणाले, येतेय मागून. दिवेलागणीला आईनं कान धरून बाहेर काढलं, तेव्हा मी पळत सुटले, आणि वखारीचा राखणदार तुझा हात धरून आपल्या घराच्या फाटकाशी येताना भेटला. आई पाठोपाठ आली. राखणदार तोंड उघडणार, तेवढ्यात तू म्हणालीस, ताईनं शोधलं मला. तू आठ वर्षांची होतीस. तुझे ओठ निळे पडले होते. राखणदारानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो निघून गेला. आईनं मला जवळ घेतलं. वहीत शेवटची ओळ अशी आहे: ‘ती माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी गप्प बसले.’

तेव्हा ऑक्टोबरात तू काय ऐकलंस, ते मला आता कळतं. तू मला वाचवायला एक वाक्य दिलं होतंस, आणि मी ते चाळीस माणसांसमोर, तुझ्यादेखत, टाळ्या घेत वापरलं. काल मी वही घेऊन बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाल्या, असं करा, खरं तेच सांगा रविवारी, लोक आणखी हलतील, दोन हजार सहज होतील. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण धाकटे, त्यांनी म्हणायच्या आधीच, जिना चढतानाच, माझ्या मनात नेमकं तेच येऊन गेलं होतं. पश्चात्तापाची गोष्ट कशी सांगायची, कुठे थांबायचं, हेसुद्धा मी ठरवलं होतं. म्हणूनच मी हे पत्र लिहिते आहे. तुझी परवानगी मागायला नाही. ती मागितली तर तू पुन्हा एकदा माझ्यासाठी हो म्हणशील, याची मला खात्री आहे, आणि तेच मला नको आहे. ती संध्याकाळ तुझी आहे, खोटीही आणि खरीही. मी ती यापुढे कुणालाच सांगणार नाही. तीनशे अठ्ठ्याऐंशी सह्या पाणी, पक्षी आणि सावलीवर मिळाल्या तर मिळतील. नाही मिळाल्या तर राई जाईल, आणि ती माझ्यामुळे गेली असं बाई म्हणतील, ते मी ऐकून घेईन. तुला शोधायला मी आले नव्हते. एवढं एकच वाक्य मी तुला द्यायला हवं होतं, ते द्यायला मला बत्तीस वर्षं लागली. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

तुझीच,
ताई

उद्या: पेंटर रंग कालवायच्या आत त्याच्याकडे जाऊन सांगणे, फलकावर फक्त झाडाचं नाव.