व्हायरस आईने आणला नव्हता

दादा,

कॉम्प्युटरमधला व्हायरस काढलाय. फोटोंची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली आहे, सगळे पासवर्ड बदललेत. साफ करताना तो आला कुठून तेही कळलं. तू उतरवून घेतलेल्या त्या फुकटच्या गेममधून.

आणि तू खुशाल म्हणालास, "आईनेच काहीतरी दाबलं असेल." तेव्हापासून ती आपणहून कॉम्प्युटरला हात लावत नाही. मावशीशी व्हिडिओवर बोलणंसुद्धा सोडलंय तिने. तुला काहीच कसं वाटलं नाही रे?

आता तुझ्या खात्यातून काहीही इन्स्टॉल होणार नाही. त्याला लागणारा पासवर्ड मी आईला आग्रहाने बसवून तिलाच टाकायला लावला, मलाही माहीत नाही. हवा असेल तर तिच्याकडे माग. पण आधी खरं काय ते सांग. मी तिला अजून काही बोललेले नाही.

चिमी