तांबड्या गायीचं गाणं

१४ जानेवारी, मंगळवार

हेलसिंकीहून नातीचा, वेन्लाचा फोन. "आजी, अख्खं जग तुझ्या गाण्यावर नाचतंय!" म्हटलं, पोरीला ताप आला! मग तिने मोबाईलवर पाठवलंच — आमचं गायीचं गाणं! ब्राझीलमधल्या कुणीतरी त्यावर शेळी नाचवली आहे. कोरियातल्या मुली, कुठल्याशा जहाजावरचे आचारी, सगळे उड्या मारताहेत. माझ्या आवाजावर. माझ्या विशीतल्या आवाजावर!

किती वेळा ऐकलं कोण जाणे. त्या दिवशी गवत कापून संपलं होतं. रेडिओवाल्यांनी गाणं टिपून घ्यायला गोठ्याच्या दारात टेप लावला. मी या टोकाला, धाकटी बहीण लेम्पी त्या टोकाला. हे गाणं तसंच म्हणायचं — तळ्याच्या दोन काठांवरून म्हणतात तसं. एकीने विचारायचं, "माझी तांबडी गाय तिकडे आली का गं?" दुसरीने उत्तर द्यायचं. लेम्पीच्या केसांत गवत अडकलं होतं, आणि ती हसू दाबत होती. फार आठवण आली.

१५ जानेवारी

जगाने नुसता प्रश्नच उचलला आहे. लेम्पीचं उत्तर कापून टाकलं!

१८ जानेवारी, शनिवार

तळ्यापलीकडे लेम्पीच्या सौनातून, वाफेच्या न्हाणीघरातून, धूर निघाला. म्हणजे बरी आहे. मग मीही माझी पेटवली. आईच्या अंत्यविधीनंतर दर शनिवारी हे असंच. त्या दिवशी कॉफी पिताना ती म्हणाली होती, "ताई, मला जरा एकटीला राहू दे." राहू दिलं. आमच्याकडे कुणी असं म्हणालं, की त्याचं दार वाजवत नाहीत. तेव्हा लावलेली बर्चची रोपं आता छपराच्या वर गेलीत!

तिने हाक मारायची, की मी जायचं? वाट बघण्यात दोघी सारख्याच हट्टी.

२३ जानेवारी

वर्तमानपत्रातली एक मुलगी आली होती. गोड पाव तीनदा नको म्हणाली, मग दोन खाल्ले — चांगल्या घरची आहे.

"गाण्याच्या पुढच्या ओळी काय आहेत हो?"

"त्या माझ्या नाहीत."

"पण येतात ना तुम्हाला? म्हणा की!"

"येतात. म्हणणार नाही. पलीकडे जाऊन विचार."

ती गाडीने वळसा घालून गेली. संध्याकाळी फोन केला. "नाही म्हणाल्या हो! म्हणे, ताईने विचारलं तर सांगेन." पोरगी हसत होती. मला हसू आलं नाही. डोळे भरून आले, म्हातारपणी हे असलं!

२५ जानेवारी, शनिवार

आज पलीकडे धूर फार उशिरा दिसला. तोवर जीव टांगणीला. खिडकीपाशी बटाटे सोलत बसले, जरुरीपेक्षा दुप्पट सोलले.

दुकानदार काउको म्हणतो, "सायमा, आता तू जगाची झालीस!" जगाला घेऊन काय करू?

२ फेब्रुवारी, रविवार

काल दुपारी पलीकडे धूर नाही. थांबले. तरी नाही. उकळती कॉफी तशीच बाजूला सारली, घसरगाडी काढली आणि गोठलेल्या तळ्यावरून पाय रेटत निघाले. पडले असते तर हाडं मोजावी लागली असती! वाटेत सगळं वाईटसाईट मनात आलं.

लेम्पी पायरीवर बसली होती. लोकरी टोपी, मोठा कोट, गाल लाल. धडधाकट!

"मला वाटलं, मेलीस!" मी ओरडले.

"मुद्दामच पेटवली नाही," ती म्हणाली. मग घसा खाकरला, आणि बसल्या बसल्या म्हणाली, सूर लावून —

"आली गं आली तुझी तांबडी गाय, न्यायला मात्र तूच ये!"

आवाज फाटलेला. हसू तेच.

सौना दोघींनी मिळून पेटवली. माझ्याकडे काल धूर नव्हता. बघायला पलीकडे कुणी नव्हतंच.